माझी शंभरी आणि बायचा भात

शंभर वर्षं जगायचं म्हणून मी जेवण कमी केलं, आणि पावसाळा संपायच्या आत लोकांनी मला मेल्यात जमा केलं.

कारण सांगतो. आमच्या घराण्यातले पुरुष साठी बघत नाहीत. आजोबा गेले, बाबा गेले, काका तर लग्नाच्या पंगतीतून हात धुवायला उठले ते गेलेच! (हात धुऊन झाले होते की नाही, यावर घरात अजून वाद आहे.) मी घोलवडला चिकूच्या पॅकिंगवर मुकादम. पन्नाशी उलटली तशी छातीत साधी कळ आली तरी मला काकांची पंगत दिसायला लागली. दुपारी पेट्या भरून झाल्या की मोबाईल बघायचो. त्यात एक सडपातळ गृहस्थ रोज सांगायचे, कमी खा, जास्त जगा. भीती घरचीच होती, उपाय फुकट मिळाला! मी रात्रीचं जेवण बंद केलं, दुपारचं अर्ध्यावर आणलं आणि चहातली साखर काढून टाकली.

"कुणावर राग काढताय?" बायकोनं विचारलं.

"राग कसला! जगायचंय मला."

"मग जेवा की!"

हिला शास्त्र कळत नाही, असं मी मनात म्हटलं. (मोठ्यानं म्हणायची ताकद उरली नव्हती.)

गाल बसले, गळ्याची हाडं वर आली, शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. पॅकिंगच्या बायका मी जवळ गेलो की आवाज खाली करायच्या. शेजारचे अण्णा चिखले गावच्या किनाऱ्यावरून ताजे बोंबील घेऊन आले, ते माझ्या हातात न देता बायकोकडे दिले आणि म्हणाले, "वहिनी, कधीही हाक मारा. संकोच करू नका." बिचारी सगळ्यांना सांगायची, "अहो, हे मुद्दाम कमी खातात." लोक मान हलवायचे आणि तिच्याकडे आणखीच कळवळून बघायचे. एका सहकाऱ्यानं तर मलाच विचारलं, "मुकादम, तुमच्या मागं या जागेवर कोण, काही ठरलंय का?"

मग बाय आली. बाय म्हणजे माझी मोठी बहीण. सत्तरीची आहे. तलासरीच्या पुढं, डोंगराकडच्या पाड्यावर मुलाजवळ राहते, भात आणि नाचणी पिकवते. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. बाय काखेत कोंबडी घेऊन टमटममधून उतरली आणि मला बघून तिनं कोंबडीच सोडून दिली. कोंबडी रस्त्यावर, बायको कोंबडीच्या मागं, आणि बाय दारात उभी राहून माझ्या बरगड्या चाचपतेय!

"काय झालंय तुला? खरं सांग."

"काही नाही गं. कमी खातो. त्यानं आयुष्य वाढतं."

"कोण बोलला?"

"मोबाईलवर एक माणूस सांगतो."

"तो जेवतो का?"

(हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता.)

"बाय, शपथ सांगतो, मला भूकच लागत नाही."

हे मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा पांढरा पडला. आमच्या लहानपणी भर पावसाळ्यात घरातलं धान्य संपायचं आणि नवं पीक यायला अवकाश असायचा. बाबा आपल्या पुढ्यातली पेज माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "मला भूकच नाही." तसेच खंगत खंगत ते गेले. मी लहान होतो, मला ते खरं वाटायचं. बायला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. कमी खाऊन जास्त जगायचा प्रयोग आमच्या घरात आधीच होऊन गेला होता, आणि मी मात्र बाबा लवकर का गेले म्हणून घाबरत होतो!

"बाबापण असंच बोलायचा," ती म्हणाली. "मुद्दाम कुणी उपाशी राहतं का? तुला काहीतरी झालंय, तू लपवतोस." आणि तिथंच दारात देवीचं नाव घेऊन ती नवस बोलली, की माझ्या भावाच्या अंगावर मांस चढेपर्यंत मी भाताचा घास तोंडात घालणार नाही.

मला वाटलं, बोलली रागाच्या भरात, विसरेल. दिवाळीच्या सुमाराला भाचा काशिनाथ घोलवडला आला, तो तोंड उतरवूनच. आमच्याकडे रीत अशी, की नवा तांदूळ घरात आला की शिजवून देवाला आणि वाडवडलांना दाखवायचा, मग घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं पहिला घास घ्यायचा, आणि त्यानंतर बाकीच्यांनी. त्या घरात मोठी बाय. ती घास घेईना! कणगी नव्या भातानं भरलेली आणि अख्खं घर नाचणीवर.

"मामा, पोरं कणगीकडे बघत बसतात. आई नाचणीची पेज पिते तीपण निम्मी. चालताना भिंत धरते. तुम्ही एकतर लवकर बरे व्हा, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"काही नाही," तो म्हणाला आणि माझा बिनसाखरेचा चहा पिऊन टाकला.

त्या दिवशी मी खरा घाबरलो. स्वतःच्या मरणाला इतका कधी घाबरलो नव्हतो. दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन पाड्यावर गेलो. मांस चढेल तेव्हा चढेल, निदान बायला मी जेवताना तरी दिसावं! मी जेवणार ही बातमी आमच्या आधी पोचली होती. अंगणात माणसं गोळा. कोंबडीचा रस्सा, नाचणीच्या भाकऱ्या, आणि समोर बाय, वाळून अर्धी झालेली.

"वाढ!" मी म्हणालो. तिनं वाढलं. "अजून वाढ!" तिचे डोळे चमकायला लागले. माणसं माझ्या प्रत्येक घासाला मान डोलवत होती. मी खात सुटलो. महिनोन्‌महिने अर्ध्या भाकरीवर ठेवलेलं पोट, त्याला हे काय झेपणार! मी उठलो, कुंपणापर्यंत धावलो आणि खाल्लेलं सगळं सगळ्यांच्या देखत बाहेर काढलं.

"पोटातलंच दुखणं आहे," कुणीतरी म्हातारा शांतपणे म्हणाला. झालं! अंगणात रडारड सुरू. बाय मला धरायला उठली, दोन पावलं आली आणि धाडकन पडली.

टेम्पोत घालून दवाखान्यात नेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्याला काही वजनच नव्हतं. मी पोरासारखा रडत होतो. डॉक्टर म्हणाले, "अंगात रक्त नाही यांच्या. अजून थोडे दिवस असंच गेलं असतं तर हाती लागल्या नसत्या." त्यांनी सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले तेव्हा काशिनाथ घरून देवाला दाखवलेला नवा भात डब्यात घेऊन आला. बायनं ओठ घट्ट मिटले.

"बाय, अगं मी आजारी नाही. मूर्ख आहे."

"आजारी माणूस असंच बोलतो."

"खा गं, पाया पडतो तुझ्या."

"आधी तू."

"मी आधी कसा खाऊ? रीत काय आहे? तू मोठी आहेस!"

"आणि माझा नवस?"

आता हा गुंता कोण सोडवणार? देवीलाही विचार करावा लागला असता! बायकोनं काशिनाथच्या हातातला डबा घेऊन आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. ती म्हणाली, "दोघं एकदम खा आणि आमची सुटका करा!" शेवटी मी बायच्या तोंडात घास दिला, तिनं माझ्या तोंडात दिला. तिनं चावायला सुरुवात केली तशी काशिनाथनं तोंड फिरवून डोळे पुसले.

तेवढ्यात नर्स सुई आणि बाटली घेऊन आली. तिनं खाटेवरच्या बायकडे बघितलं, खाली स्टुलावर बसलेल्या माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "यातला पेशंट कोण?"

बायनं सलाइनचा हात उचलून माझ्याकडे बोट दाखवलं.

मला बरंच काही समजावून सांगायचं होतं. पण तोंड भातानं भरलेलं होतं, आणि तो थुंकायची माझी हिंमत नव्हती. मी निमूटपणे बाही वर केली.