ज्याले दर भागात मारतो, ते सर आज लग्नात भेटले

मंडळी, आमच्या कापडी बाहुल्यांच्या कार्यक्रमातले शुद्धे सर तुमाले माहीतच आहेत. दर भागात ते कोणाची तरी भाषा सुधारतात आन् शेवटी मरतात. कधी विहिरीत, कधी कापसाच्या ढिगाखाली.

तो बाहुला मी सूड म्हणूनच शिवला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मले आमच्या सरांनी ऐनवेळी नाटकातून काढलं होतं. "ही गावंढळ भाषा स्टेजवर नको," असं अख्ख्या वर्गासमोर म्हणाले. स्वतः मूळचे भातकुलीचे, म्हणजे आमच्याच वऱ्हाडातले.

आज अकोल्याच्या लग्नात तेच सर पंगतीत माह्या बाजूले येऊन बसले. "तुझे बाहुले आम्ही न चुकता बघतो. असले मास्तर खरंच असतात रे," म्हणत पोट धरून हासले. बाहुल्याची मिशी सरांचीच, चष्म्याचा दोराबी सरांचाच, पण त्यांनी स्वतःले ओळखलं नाही. इतक्या वर्षांचा सूड वाया गेला.

सर हात धुवाले उठले, तशा त्यांच्या मिसेस माह्याकडं सरकल्या.

"मी पहिल्याच भागात ओळखलं. मिशी बरोबर जमली. पण एक चूक करून राहिला तू. तुहा बाहुला मरतानाही शुद्ध बोलते. आमच्या घरी बोटाले चटका बसला का हे वऱ्हाडीतच बोंबलतात."

तर पुढच्या भागात शुद्धे सर चुलीवरच्या उकळत्या वरणाच्या गंजात पडतीन. पडताना काय बोंबलतीन, ते तुमी खाली लिहा. शुद्ध लिहिलं तर मी बी ऐनवेळी काढून टाकीन.