सही दुपारी करीन

मोठ्या सरांनी माझा उजवा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला आणि हजेरीच्या रजिस्टरवर उमटवला. अंगठा आधीच सुजलेला. मी कळवळले. मागे सकाळच्या सहीसाठी सगळे शिक्षक उभे होते. सर म्हणाले, "एवढी वर्षं सही करत होतीस. शेवटी अंगठाछापच निघालीस."

कोणीतरी हसलं. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मी आश्रमशाळेत रोजंदारीवर स्वयंपाकीण. रोज सकाळी भाताचा गंज, म्हणजे हे एवढं मोठं पातेलं, चुलीवर चढवायचा. पण गेल्या पावसाळ्यापासून सकाळी माझी मूठच वळेना. बादलीची कडी धरवेना, वेणी घालवेना, शेवटी पेनही धरवेना. अकरा वाजले की हात हळूहळू सुटायचे. तिथेच घात झाला. सकाळी गंज उचलत नाही आणि दुपारी पोळ्या लाटते, म्हणजे बाई नाटकी. आधी सरांनी ठरवलं, मग सगळ्यांनी. शेवटी मीसुद्धा. आपण खरंच कामचोर झालो का, असं स्वतःला विचारत भांडी घासायची.

सही माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती. मायला वाचता येत नव्हतं. तिने एका कागदावर अंगठा दिला आणि मोहाच्या झाडांसकट आमचं शेत गेलं. तेव्हापासून तिचं एकच सांगणं, "उपाशी राह्य, पन अंगठा नोको देऊ कोनाले." मी लिहायला शिकले ती नोकरीत, चौथीच्या पोरींच्या पाटीवर. अक्षर वेडंवाकडं, पण माझं.

रजिस्टरवरच्या त्या अंगठ्यानंतर मी चंद्रपूरला दवाखान्यात गेले. रक्त तपासलं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हा आमवात. म्हातारपणाचा नाही. शरीराची राखण करणारी ताकदच सांध्यांवर उलटली आहे.

"म्हंजे कुंपनच शेत खाऊन राह्यलं," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, अगदी तसंच. कधी बरं होईल, विचारलं. त्यांनी माझा हात हलकेच टेबलावर ठेवला. "काबूत राहील. जाणार नाही." सकाळी हात आखडणं हे या आजाराचं लक्षणच आहे, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

बसमध्ये मी रडले. जन्माचं दुखणं लागलं म्हणून रडले, आणि मी खोटी नव्हते म्हणूनही. त्यानंतर नुसता थकवा. आठवड्यातून एकदा गोळ्या घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी भाताच्या वासानेही मळमळायचं. नवरा माझी वेणी घालून द्यायचा. वाकडी. मी त्याच्यावरच चिडायचे, आणि मग चिडायचाही कंटाळा यायचा.

डॉक्टरांचा कागद घेऊन मी सरांकडे गेले. सकाळचे सात. त्यांनी तो न वाचता बाजूला सारला आणि दुसरा कागद पुढे केला. मी अक्षर अक्षर लावत वाचलं. मी स्वखुशीने काम सोडत आहे. शेजारी पॅड उघडं.

"लाव अंगठा. घरी आराम कर. तुझ्याच भल्याचं आहे."

या वेळी माझी बोटं लाकडं असतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे माझा आजार सरांना पटला होता, फक्त अंगठ्यापुरता.

मी हात पदराखाली घेतला. भीती वाटत होती. आवाज मात्र नीट निघाला.

"अंगठा नाई देत सर. सही करीन. दुपारी."

मी चुलीकडे गेले. सोबतच्या शेवंताबाईला पहिल्यांदाच म्हटलं, मले उचलत नाई, हात लाव. दोघींनी गंज उचलला. एवढं सोपं होतं ते.

बारा वाजता हात सुटले. वहीच्या कागदावर अर्ज लिहिला. मला आमवात आहे. सकाळी जड उचलायचं काम नको, पोळी-भाजीचं द्या. हजेरीची सही दुपारी घ्या. खाली सही केली. दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली, मिळेपर्यंत ऑफिसच्या दारात उभी राहिले. त्यांच्या कागदाला मी हात लावला नाही.

काम टिकेल का, माहीत नाही. आजार जाणार नाही, ते माहीत आहे. उद्या सकाळी बोटं पुन्हा आखडतील, पॅड पुन्हा पुढे येईल. मला काढायचं असेल तर सरांनी स्वतःची सही करून काढावं. माझा अंगठा मिळणार नाही.