मावशींनी साफ करून दिलेले कान

तळोज्याच्या कंपनीत माझं काम एवढंच, सांधेदुखीचं मलम कातडीतून किती उतरतं ते मोजायचं. प्रयोगाला माणसाची कातडी कोण देणार? म्हणून डुकराच्या कानाची वापरतात; ती आपल्या कातडीच्या बरीच जवळची. दोन काचेच्या कुप्यांमध्ये तुकडा ताणून बसवायचा, वर मलम, खाली पाणी, आणि तासातासाने खालचं पाणी तपासायचं. घरी मी नुसतं "क्रीमचं टेस्टिंग" म्हणते. आईला कळलं तर माझा डबा वेगळा मांडेल.

मी नोकरीत कायम होणार की नाही, हे या मलमाच्या रिपोर्टवर होतं.

कान नावड्याच्या, डुकराचं मटण विकणाऱ्या मावशींकडून यायचे, कच्चे, केसाळ. त्या वेळी आले ते गुळगुळीत, गोरेपान. मी खूश. प्रत्येक तुकडा अखंड आहे ना, हे आधी यंत्रावर बघायचं असतं. एवढ्या सुरेख कातडीत काय बघायचं, म्हणून मी ते टाळलं. आळस, दुसरं काय!

मलम धो धो उतरलं. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. रिपोर्टवर सही करायला मी पेन उघडलं आणि तो गुळगुळीतपणा मनाला खायला लागला. उरलेला तुकडा यंत्राला लावला. त्याची पार चाळण झाली होती.

संध्याकाळी तणतणत नावड्याला गेले.

"मावशी, कानांचं काय केलंत?"

"उकलत्या पान्यात बुचकलले न् केस काढले. तुमाला तरास नको म्हून."

भांडायला आले होते, पण त्यांनी ते माझ्याच सोयीसाठी केलं होतं. मी समजावलं, गरम पाण्याने कातडी निकामी होते, मग कुठलंही औषध आरपार जातं.

त्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून ते हात गरम पाण्यात. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले.

"मंग माज्या हाताला तुमचं मलम लागू पडंल का?"

मला फार लाज वाटली. मलम अशाच हातांसाठी होतं, आणि मी माझ्या कायम होण्यासाठी ते न तपासता पास करायला निघाले होते.

सकाळी साहेबांना खरं ते सांगितलं. रिपोर्ट रद्द झाला, माझं कायम होणं पुढे गेलं.

पुढच्या आठवड्यात केसाळ कान आले. प्रत्येक तुकडा तपासून लावला. मलम जेमतेम उतरलं.

मावशी आजही कान पिशवीत घालताना विचारतात, "लागू पडंल का?"

"अजून नाही, मावशी," मी म्हणते.