देणगीदारांसाठी लिहिलेला बाप

साकीनाक्याच्या एका गाळ्यात शिवदास लेथ मशीन चालवायचा. जालन्याहून आला तेव्हा हेल्पर होता, मग हात बसला आणि टर्नर झाला. दारूला त्याने कधी हात लावला नाही. त्याच्या बापाने दारूपायी घर बुडवलं होतं.

मुलगी सपना इंजिनिअरिंगला लागली, तेव्हा घाटकोपरच्या एका ट्रस्टने शिष्यवृत्तीसाठी तिच्याकडून घरच्या परिस्थितीवर निबंध मागितला. तिने लिहिलं, पप्पा डबल शिफ्ट करतात, घरी आले की माझी वह्या-पुस्तकं चाळत बसतात.

ट्रस्टच्या नलिनी मॅडमनी तो वाचून बाजूला ठेवला. "छान आहे गं. पण वाचणार देणगीदार. कमावता, निर्व्यसनी बाप बघून ते म्हणतील, मग आमची गरज काय? वाचणाऱ्याला काय हवंय ते बघून लिही."

सपना हुशार होती. नव्या निबंधात बाप पिऊन यायचा, आईला मारायचा, पुस्तकं फेकून द्यायचा. शिष्यवृत्ती मंजूर झाली. घरी तिने फक्त तेवढंच सांगितलं.

कार्यक्रमाला शिवदास इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. नलिनी मॅडमनी स्टेजवरून निबंध वाचला. बायका डोळे पुसत होत्या आणि वळून त्याच्याकडे बघत होत्या. सपनाने मान वर केली नाही.

चहाच्या वेळी एक देणगीदार त्याच्यापाशी आले. "लाज वाटत नाही? एवढी गुणी पोरगी. सोडा आता दारू."

शिवदासने सपनाकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती.

"सोडतो, साहेब," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी मॅडमनी त्यालाच स्टेजवर बोलावलं. सुधारलेला बाप म्हणून दोन शब्द बोला, म्हणाल्या. तो बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत गाळ्यात पोचला.

शेठने त्याला मशीनवरून उतरवलं. "बेवड्याला लेथवर कसा उभा करू रे? उद्या हात तुटला तर?" आणि त्याला पॅकिंगला बसवलं, निम्म्या पगारावर.

"पप्पा, शेठला खरं सांगा ना," सपना रडत म्हणाली.

"सांगतो. आणि ते ट्रस्टला कळलं तर?"

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "दोनच वर्षं राहिलीत, पप्पा."

शिवदासने मान हलवली. तिसऱ्या वर्षाची फी वेळेवर भरली गेली.