शून्य तारखेची लेकरं

माझा जन्म उसाच्या फडात झाला. तारीख कुणी लिहून ठेवली नाही. आईला आठवतं ते एवढंच, की थंडी लई होती. शाळेत गुरुजींनी आमच्यासारख्या सगळ्यांना लावतात तीच एक जून मलाही लावली. दिवाळी झाली की आई-बाप साखर कारखान्यावर ऊस तोडायला, मी चुलत्याकडे. उन्हाळ्यापर्यंत त्यांची काही खबर नसायची, त्यांना माझी नसायची. तरी आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच, आणि हे मी छाती काढून सांगतो.

म्हणूनच ऊसतोड्यांची लेकरं ठेवतात त्या केजजवळच्या हंगामी वसतिगृहाची वेबसाइट मी बनवली. फडातल्या आईनं मोबाइलवर लेकराचं नाव दाबलं की त्याचा फोटो, ते आज जेवलं का, ताप आहे का, हे तिला दिसायचं.

यंदा ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवशीच होस्टिंगवाल्यांचा फोन आला. डेटाबेसचं जुनं व्हर्जन ठेवायचं की नवीन, आजच सांगा. जुन्याचे सुरक्षेचे अपडेट बंद झाले होते. मागे आमच्या पानावर भलत्याच जाहिराती उमटल्या होत्या, म्हणजे कुणीतरी आत शिरलं होतं. आणि आत मुलींची नावं, गावं, घरच्यांचे नंबर.

वसतिगृहात बसून मी साइट नव्यावर वळवली आणि सगळी माहिती चढवून पाहिली. कितीतरी मुलं गायब! ज्यांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यापुढे आम्ही नुसती शून्यं टाकायचो. जुनं व्हर्जन ती गुमान घ्यायचं. नवीन मात्र अडून बसलं, अशी तारीखच नसते म्हणून आख्खं लेकरूच नाकारत होतं.

बाहेर ट्रॅक्टरवर पत्रे, भांडी चढत होती, टोळीचा मुकादम घाई करत होता. एक बाई मोबाइल घेऊन आत आली.

"दादा, माझी पोरगी यात दिसंना कावून?"

"दिसंल ताई, थांबा जरा."

"मी थांबते. मुकादमाला कोण सांगंल?"

वसतिगृहाचे अधीक्षक सर वैतागले. "जुनंच ठेव की बे! चालतंय ते."

"अन् पोरींची नावं, घरचे नंबर कुणाच्या हाती लागले तर?"

"मग टाक सगळ्यांना एक जून. तुझं काय अडलं त्यानं? झालास की ग्रॅज्युएट."

"झालो, सर. पण तेवढी खोटी तारीख अजून सुटली न्हाई."

मुकादमानं हॉर्न दाबला. मी कीबोर्ड ओढला. सगळी शून्यं पुसली. जन्मतारखेचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल असं केलं आणि शेजारी नवा रकाना जोडला: आईला काय आठवतं.

"पोरगी कधी झाली, ताई?"

"हंगाम सरून कारखाना बंद झाल्यावर, घरी येताना. आष्टीच्या अलीकडं, चालत्या ट्रॅक्टरात."

तेच लिहिलं आणि माहिती पुन्हा चढवली. पान उघडेना. हॉर्न वाजतच होता. मग बाई एकदम ओरडली, "हाय! हाय की! शेंबडासकट हाय!" आणि ट्रॅक्टरकडे पळाली.

साइट नव्या व्हर्जनवरच राहिली. या हंगामात प्रत्येक आईला आपलं लेकरू दिसलं, आणि एकालाही एक जून लावावी लागली नाही.