अर्ध्या नवसाचे लाडू

ये, अशी जवळ सरक. कागदावरून बोलतेय म्हणून काय झालं, उंबऱ्यात उभं राहून ऐकायची तुझी सवय मला माहीत हाय. आणि आधी थोडी बोलणी खा. परवा फोनवर मी म्हणाले औंदा माझ्यासंगं वॉर्डात चल, तर तू म्हणालीस, "आजी, दवाखान्यातल्या त्या पोरांसमोर जायची भीती वाटते, काय बोलावं कळत नाही." एवढी शिकलीस, चारचौघांत भाषणं ठोकतेस, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या लेकरांपुढं जबान अडकते व्हय गं? मी शाळा अर्ध्यात सोडलेली बाई. वाचायला शिकले ते दुकानांच्या अन् एसटीच्या पाट्यांवरून. मलाही काय बोलावं कळत नव्हतं. आता गप बस आणि ऐक.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांना इमारती नव्हत्या. एक साहेब कुणाच्या माडीवर, दुसरा कुणाच्या आडत दुकानात. आमचे हे नांदेडला कारकून, त्यांची बदली इकडं झाली आणि आम्ही भांडीकुंडी घेऊन क्वार्टरच्या लाईनीत राहायला आलो. त्यातच पाऊस रुसला. "जिल्हा नवा झाला, पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिला," असं हे म्हणायचे. टँकर आला की अख्खी लाईन घागरी घेऊन पळायची, शेजारणीचं नातं तेवढ्यापुरतं बाजूला.

लाईनीच्या मागं एक धर्मादाय दवाखाना होता. मुंबईत शिकून आलेला एक डॉक्टर तिथं कॅन्सरचा इलाज करायचा. माणसं लांबलांबून यायची, लोहा, कंधार, मुदखेड, पार तेलंगणाच्या शिवेवरून. महिना-महिना राहायची. पेशंट आत, आणि त्याची माय बाहेर लिंबाखाली तीन दगडांवर भाकरी थापणार. त्या वर्षी पीठ भिजवायलाही पाणी नव्हतं. एका बाईला मी कोरड्या पिठाची परात मांडीवर घेऊन नुसती बसलेली बघितली, आणि घरी येऊन जास्तीच्या भाकरी टाकल्या. दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली, "एकटीच पुण्य करून राहिलीस काय?" तिनं भाकरीसंगं खायला कोरड्यास, पातळ भाजी दिली. मग लाईनीत ठरलं, प्रत्येक घरची एक भाकर ज्यादा. आमच्या कामाला पुढं लोक संस्था म्हणायला लागले. तेव्हा ती नुसती भाकरीची टोपली होती.

ती परातवाली बाई लोह्याच्या पुढच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरची. पहिल्या दिवशी तिनं मला आडनाव विचारलं. आम्ही विहारात जाणारी माणसं. मी सांगितलं. ती घटकाभर भाकरीकडं बघत राहिली. तोवर तिच्या लेकीनं अर्धी खाऊन पण टाकली होती, आणि वर म्हणाली, "मीठ कमी हाय."

ही ती पोरगी. जिच्यासाठी एवढं सगळं सांगतेय ती.

वय पंधराच्या आसपास. रक्ताचा कॅन्सर. अंगानं काडी, पण जीभ अशी की नर्ससुद्धा जपून जायची. दवाखान्यात लहान लेकरांचा एक वॉर्ड आणि मोठ्या माणसांचा एक. ही मधली पोरं कुणाचीच नव्हती. मिसरूड फुटलेली पोरंसुद्धा लहान खाटांवर, पाय गजाबाहेर. दान करायला मंडळी यायची, ह्या पोरांना रबराची बाहुली द्यायची, आणि सोबत फोटोवाला. एकदा अशाच एका सायबीणबाईनं हिच्या हातात बाहुली ठेवली. ही म्हणाली, "बाहुली लई छान हाय, बाई. हिला कुणी बघायला आलं तर कळवते." फोटोवाल्यासकट सगळे हसले. बाईंनी बाहुली परत नेली आणि, खोटं कशाला बोलू, पुढच्या वेळी केरम आणला. मधल्या पोरांना तेच पाहिजे होतं. केरम, रेडिओ, आरसा, मीठ लावलेली कैरी. लेकरू म्हणून कुरवाळलेलं त्यांना खपत नव्हतं, आणि मरणाऱ्याकडं बघतात तसं बघितलेलं त्याहून खपत नव्हतं.

डॉक्टरनं मला एक गोष्ट नीट समजावली होती. हे औषध एकदा घेऊन भागत नाही. थोडं द्यायचं, अंगात ताकद यायला घरी सोडायचं, परत बोलवायचं, परत द्यायचं. सगळ्या खेपा पुऱ्या झाल्या तर लेकरू वाचायची आशा. "पण काकू, घरी गेलेली पोरं परत येत नाहीत," तो म्हणाला. "मला आजारापेक्षा एसटी स्टँडाची भीती वाटते." दुष्काळाची साल. बाप खडी फोडायला रोजगार हमीवर, माय दवाखान्यात, घरी जनावरं उपाशी. आणि भाऊबंद म्हणणार, पुरे झालं आता. भाकरी देणं सोपं होतं. पोरांना परत आणणं, ते आमचं खरं काम होऊन बसलं.

दुसऱ्या खेपेला तिचे केस गेले. शेपटा मनगटाएवढा होता. फणी लावली की पुंजका हातात. तिनंच न्हाव्याला बोलवायला लावलं आणि सगळं उतरवून घेतलं. माय पदर तोंडात धरून बसली. पोरगी म्हणाली, "माय, डोकं तर हाय ना जाग्यावर?" पण आरसा मात्र तिनं उशीखाली पालथा घातला, तो बरेच दिवस तसाच. उन्हानं डोक्याची आग व्हायची, म्हणून माय सहाणेवर चंदन उगाळून तिच्या डोक्याला लावायची. हे चंदन ध्यानात ठेव.

नागपंचमी आली. पोरींचा सण, झोक्याचा. तिनं डॉक्टरच्या मागं धोशा लावला, आणि तिसऱ्या खेपेच्या आधी त्यानं तिला आठवड्यासाठी घरी सोडली. मी स्टँडवर पोचवायला गेले. "परत ये गं," म्हणाले. ती म्हणाली, "बघू." हे 'बघू' ऐकून माझं जेवण गेलं.

पुढचं मला तिच्या मायनं सांगितलं. अहमदपूर सोडल्यावर एसटीच्या खिडकीतून वारा आला आणि पोरीचा रुमाल उडाला. तुळतुळीत डोकं, वर पिवळं चंदन. शेजारच्या बाकावरच्या म्हातारीनं दोन्ही हात जोडले. आपल्या भागातून बायका तिरुपतीला जातात, केस देतात, डोक्याला चंदन लावून परत येतात. म्हातारीला वाटलं, ही तिथूनच आली.

"बालाजीला केस दिलेस का माय? एवढ्या कवळ्या वयात?"

माय तोंड उघडणार तोच पोरगी बोलली, "हाव आजी, दिले."

"आणि लाडू? परसाद दे की थोडा."

"संपले. पुढल्या खेपेला आणते."

"परत जाणार हाईस?"

"आठवड्यानं. लई मोठा नवस हाय, आजी. एका खेपेत फिटत न्हाई."

म्हातारीनं तिच्या पायाला हात लावला. पोरीनं हसू दाबलं, आणि मग, माय म्हणाली, खिडकीकडं तोंड करून ती बराच वेळ रडली. आजार लागल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडं कीव न करता बघितलं होतं.

म्हातारी निघाली शेजारच्याच गावची. पोरगी घरी पोचून पाणी पिऊस्तोवर गावभर झालं, अमक्याची पोरगी बालाजीला गेली होती. बायका लाडू मागायला दारात. पोरींनी झोक्यावर तिला पहिला मान दिला. पोरीनं कुणाला हो म्हटलं नाही अन् नाही पण म्हटलं नाही.

घरात मात्र वेगळंच शिजत होतं. चुलता घरातला कर्ता. त्याला आजार ठाऊक होता, आणि तो झाकून ठेवायचा होता. उद्या सोयरीक जुळवताना कुणी बोट दाखवायला नको. आठवडा संपत आला तशी त्यानं ओट्यावर बसून जाहीर केलं, "आता कुठं जायचं न्हाई. पोरगी हिंडती फिरती झाली. बास." मोठ्या भावापुढं बाप बोलणार नव्हता.

इकडं ठरल्या दिवशी तिची खाट रिकामी. मी रोज दुपारी स्टँडवर जायचे, नांदेडकडून येणाऱ्या गाड्या बघत बसायचे. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "काकू, आजबी न्हाई तुमची पोरगी," तिसऱ्या दिवशी म्हणाला. डॉक्टर वॉर्डात त्या खाटेपाशी उभा राहायचा आणि मग पुढं जायचा. बाकीची पोरं केरम खेळायची थांबली. त्यांच्याही ध्यानात आलं होतं, ही आली नाही तर आपण तरी कशाला यायचं.

तिकडं गावात काय झालं ते ऐक. त्या तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी पोरगी डोक्यावर चंदन लावून, रुमाल न बांधता पारावर गेली. चार माणसं बसलेली, त्यात चुलता. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "काका, केस दिलेत. नवस अर्धा झालाय. बाकीचा फेडायला मला सोडता, का अर्धाच ठिवू?"

पारावरची म्हातारी माणसं चुलत्याकडं बघायला लागली. "अर्धा नवस ठिवतो काय रं? घरादारावर येईल," एक म्हणाला. "दुष्काळ काय कमी हाय व्हय," दुसरा. आता चुलता काय बोलणार? नवस नव्हे, दवाखाना हाय, असं म्हणावं तर झाकलेलं स्वतःच उघडं करायचं. न्हाई म्हणावं तर गावाचा रोष. त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली. "मी कवा न्हाई म्हणलो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर, आणि गाडीतून आधी उतरला एक पागोट्याएवढं गाठोडं घेतलेला उंच माणूस. मागं माय, अन् तिच्या मागं पोरगी. डोकं उघडं. मला बघून म्हणाली, "काकू, तोंड असं का केलंय? बघू म्हणलं होतं ना?" तो उंच माणूस म्हणजे चुलता, माझ्याकडं न बघताच बोलला, "नवस अर्धा ठिवून चालत न्हाई म्हणून आणली." मी म्हणाले, "लई चांगलं केलंत दादा." मग मायनं मागं सरून सगळं कानात सांगितलं, तेव्हा हसू आवरताना माझ्या बरगड्या दुखल्या.

वॉर्डात गेल्या गेल्या तिनं पहिलं काम सांगितलं. "काकू, लाडू लागणार. मी कबूल केलंय."

आता आमच्या घरात नवस नाही, मुंडण नाही, तीर्थ नाही. मी काय बालाजीचे लाडू वळणार? लाईनीत सांगितलं तर बायका आधी पोट धरून हसल्या आणि मग घरोघरचं मूठ-मूठ बेसन, साखर, कुणाचा डालडा, कुणाच्या वेलदोड्याच्या साली गोळा झाल्या. काजू कुठले, शेंगदाण्याचे तुकडे घातले. मधली पोरं वॉर्डात बसून लाडू वळायची. हात धुवायला आम्ही प्यायच्या पाण्यातून घागर राखून ठेवायचो. तिसरी खेप झाली, ती डबा घेऊन घरी गेली. त्याच गाडीत म्हातारी पुन्हा भेटली. पोरीनं लाडू पुढं केला आणि खरं सांगून टाकलं. "आजी, हे बालाजीचे न्हाईत. दवाखान्याचे हायेत. माझे केस औषधानं गेलेत."

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, लाडवाकडं बघितलं. "मग मला एक ज्यादा दे," म्हणाली. "बालाजीचा माझा बी नवस अर्धा राहिलाय, तुझाच लाडू खाते." आणि सगळ्या गाडीला सांगितलं, पोरगी बरी होऊन राहिली, हात लावा तिला. त्यानंतर आजार झाकायचा प्रश्नच मिटला. चुलता दोन महिने तिच्याशी बोलला नाही. मग एका खेपेला स्वतःच पोत्यात शेंगदाणे घेऊन आला, "लाडवात घाला," म्हणून.

तेव्हापासून आमच्याकडची पोरं औषधाच्या पाळीला खेपच म्हणायला लागली. घरी जाताना प्रत्येकाला डबा, आणि डबा परत आणून द्यायचा हा नियम. रिकामा डबा परत द्यायला म्हणून पोरं यायला लागली. सगळीच वाचली असं सांगितलं तर खोटं होईल. काहींचे डबे त्यांच्या बापांनी आणून दिले, आणि आम्ही ते घासून दुसऱ्या लेकराला दिले. पण स्टँडावरनं हरवणारी पोरं फार थोडी राहिली. डॉक्टर मला म्हणायचा, "काकू, तुमचा डबा माझ्या औषधापेक्षा भारी." मी म्हणायचे, "मग तुम्हीच का वळत न्हाई?" एक दिवस खरंच बसला वळायला. त्याचे लाडू फुटले.

तिच्या सगळ्या खेपा पुऱ्या झाल्या त्या दिवशी पाऊस नव्हता, ढगही नव्हता. नळाला मात्र पाणी आलं होतं. डोक्यावर केस उंदराच्या पाठीसारखे, काळेभोर. उशीखालचा आरसा काढून तिनं खिडकीत ठेवला, आलेल्या गेलेल्यानं बघावं म्हणून. सगळा वॉर्ड, खाटेवरून उठता येणारी सगळी पोरं, तिच्या मागं फाटकापर्यंत आली. स्टँडवर कंडक्टरनं गाडी थांबवून धरली. "नवसवाली बसली का?" ओरडला. ती बसली. खिडकीतून हात काढून म्हणाली, "काकू, फिटला बरं का." गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर आमच्या लाईनीच्या बायका टाळ्या वाजवत होत्या, आणि स्टँडवरच्या लोकांना वाटत होतं कुणी पुढारी चाललाय.

आज ती कंधारला शाळेत शिकवते. शेपटा पुन्हा मनगटाएवढा झाला होता, आता पांढरा होत चाललाय. दर पंचमीच्या आधी ती इथं येते, आम्ही लाडू वळतो आणि डबे घेऊन वॉर्डात जातो. आता खाटा मोठ्या आल्यात, पाय आत मावतात. पोरं तिला विचारतात, बाई, तुमची कितवी खेप? ती सांगते, आता मोजत न्हाई.

काय बोलावं कळत नाही म्हणतेस ना? तुला बोलावं लागणारच नाही. डबा पुढं केला की पोरंच म्हणतात, "शेंगदाणे कमी हायेत." माझी बोटं आता वळत नाहीत, बेसन हाताला चिकटून बसतं. पंचमी जवळ आलीय. तेव्हा फिकीर सोड, लातूरची गाडी धर आणि दोन दिवस आधीच ये. बेसन भाजून ठेवते.