पूर्वेची भिंत

गावच्या तळ्यावर माझ्या नावाचा दगड लागावा, ही अट माझीच. माझ्या बापाला देवळाच्या बैठकीत कधी मागच्या रांगेतून पुढे येऊ दिलं नाही या गावाने. ते मी विसरलेलो नाही, आजही नाही. ट्रक आणि खोदायची यंत्रं आता माझी आहेत. तळं उपसायचं ठरलं तेव्हा गावच्या समितीशी तीन बैठका घासाघीस केली. गाळ माझ्या म्हसळ्याच्या प्लॉटवर भरावाला न्यायचा, बदल्यात तळ्याच्या चारही बाजूंना उभी दगडी भिंत मी बांधायची, आणि पूर्वेला मधोमध आमचं नाव.

काम चालू असताना आत्या आली. तिचं घर तळ्याला लागूनच. म्हणाली, पूर्वेची कड उतरती राहू दे, कासविणी तिथून वर माळावर अंडी घालायला जातात. समोरचा माणूस काहीतरी काढून घ्यायलाच आलाय, असं मला जन्मभर वाटत आलंय. ड्रायव्हरांच्या देखत मी तिच्यावर ओरडलो.

"समितीनं पाठवलं ना तुला? आता आणखी काय हवंय त्यांना?"

"मला काय नको रे," ती म्हणाली. "त्यांना दुसरी वाट न्हाय, म्हणून सांगते."

गाळातून वर आलेली पाच-सहा कासवं मी पाटीत घालून उरलेल्या पाण्यात सोडायला लावली होती. तेवढ्यावर मी स्वतःला दयाळू समजत होतो. हरिहरेश्वरला समुद्री कासवांची पिल्लं सोडतात, तिथे पाहुण्यांना घेऊन मीही उभा राहतो.

आमच्याकडे नवा भात शिजला की पहिली मूठ तळ्यातल्या कासवांची. भिंत पुरी झाल्यावर, नव्या भाताच्या दिवशी मी व्याह्यांना नावाचा दगड दाखवायला गेलो. आत्या भाताची वाटी हातात धरून भिंतीवरून खाली बघत होती. खाली एक मोठी मादी पुढच्या पायांनी दगड खरवडत होती, वीतभर चढून पुन्हा पाण्यात पडत होती. भाताला तिने तोंड लावलं नव्हतं. भिंतीच्या पायथ्याच्या एका दगडावर तीन गोल पांढरी अंडी पडलेली, एक फुटलेलं.

"चार दिस झाले," आत्या म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही.

ओरडायला मी माणूस शोधू लागलो. गवंडी, समिती. पण उभी भिंत मीच मागून घेतली होती, कारण उतरत्या कडेवर दगड नीट दिसला नसता.

दुसऱ्या सकाळी यंत्र आणून नावासकट भिंत मधोमध फोडली आणि माती घालून उतार केला. समितीतला एकजण हसत म्हणाला, "काय शेठ, नाव बुडवलंत?" आत्याने उतारावर पाय दाबून बघितला.

"अजून उतरता कर."

केला.

ती मादी त्या वर्षी वर चढली की नाही, मला माहीत नाही. आत्याला ठाऊक असणार. पण विचारायला मी तिच्या दारात गेलेलो नाही.